हद्दीचा दगड हलला नव्हता

"अम्मा, ये पत्थर हिलाये क्या?" मंडलाच्या कचेरीतून जमीन मोजायला आलेल्या सर्वेअरने मला विचारले.

मी हद्दीच्या दगडापाशी उकिडवी बसले होते. एका बाजूला गिरजा उभी, दुसऱ्या बाजूला तिचा शेजारी मारोती. गिरजाचे वावर मोजणीत सहा गुंठे कमी भरले होते. मारोतीने दगड तिच्या वावरात सरकवला, असा तिचा अर्ज होता.

मला बोलावले, कारण दगड आमच्या घरचा. आम्ही पाथरवट. सासऱ्यांनी तो घडवला आणि त्यावरचा आकडा मी कोरला. घरात चौथी शिकलेली मी एकटीच होते. आता गावात छिन्नी-हातोडा माझ्याकडेच उरला आहे. मुलगा मंचेरियलला असतो. तेव्हा दिवसभरात माझ्याशी कोणी बोलायचे तर ती गिरजाच.

"सांग ना पारे," ती म्हणाली. "काऊन गप बसली? तुले तर दगड पाह्यल्याबरोबर समजते."

"पाहू तर दे."

दगड सगळीकडून सारखा झिजत नाही. आमच्याकडे पाऊस पश्चिमेकडून मारतो. त्या अंगाला कोरलेला माझा आकडा पार बुजला होता. बोटाने चाचपला तेव्हा सापडला. उत्तरेला ऊन कमी लागते, ओल टिकते, म्हणून तिथे दगडफूल धरले होते. सर्वांत जास्त सडतो तो जमिनीलगतचा पट्टा. तिथे दगड सारखा भिजतो आणि वाळतो. साल नखाने निघत होती. दगड उपटून दुसरीकडे रोवला असता, तर हा पट्टा थोडा तरी वरखाली झाला असता. तो बरोबर मातीच्या रेषेवर होता.

तरी मी बाजूने खणायला लावले. जुने लोक हद्दीच्या दगडाखाली कोळसा पुरत. दगड झिजतो, कोळसा मातीत सडत नाही आणि दगड हलवला तरी मूळ जागीच राहतो. बुडाशी कोळसा निघाला.

"हलवला नाही," मी म्हणाले.

"मंग माही जमीन कुठी गेली? मी खाल्ली का?" गिरजा ओरडली.

"पाय, मी पह्यलेच सांगतलं होतं..." मारोतीने तोंड उघडले.

"तू गप रे," ती त्याच्यावर खेकसली.

मी सर्वेअरला वावराच्या दुसऱ्या टोकाला नेले. तिथे नाला वळतो आणि पाणी गिरजाच्या काठावर आपटते. पूर्वी काठावर शिंदीची बेटे होती. त्यांच्या मुळ्यांनी माती धरली होती. ट्रॅक्टर फिरावा म्हणून गिरजाच्या पोरांनी ती काढली आणि काठापर्यंत कापूस लावला. काळ्या मातीखाली मुरूम आहे, म्हणजे सडून भुसभुशीत झालेला दगड. पाणी तो खालून कोरते, मग वरची माती आपोआप कोसळते. कापसाची एक पऱ्हाटी उघड्या मुळ्यांनी काठावर लोंबत होती.

"गिरजे, तुही जमीन नाल्यानं नेली. शिंदी तोडली तवाच मी सांगतलं होतं."

"आज बोलाचं होतं ते? सायेबासमोर?"

"त्यानं आज इचारलं."

सर्वेअरने टेप लावला. कमी भरलेले सहा गुंठे नाल्याच्याच बाजूचे निघाले. अर्ज तिथेच निकाली काढला.

दुसऱ्या दिवशी मारोती ज्वारीचे पोते घेऊन आला. मी ते परत पाठवले. ठेवून घेतले असते, तर पैसे खाऊन बोलले असेच झाले असते. गिरजा तरी तेच म्हणते. आता ती माझ्या दारावरून जात नाही, देवळामागून वळसा घालते. तिचे गुडघे दुखतात, तरी घालते. काठावर पुन्हा शिंदी लावा, असा निरोप मी तिच्या सुनेजवळ दिला. अजून लावलेली नाही.

ज्याच्याशी रोजचे बोलणे आहे, त्याच्या बांधावर साक्षीला जाऊ नये. दुसऱ्या कोणाला बोलवा म्हणावे. पण या गावात दगड कळणारे दुसरे कोणी नाही.