मानेमागचा तुकडा

मी मासळी बाजारात तारल्या विकते. माझ्यासमोरच मोठे मासे कापायचा ओटा आहे आणि त्यावर जो माणूस असतो त्याला सगळे फोड्या म्हणतात. खरं नाव असेलच काहीतरी, पण त्या नावाने हाक मारायला घरात कोणी उरलं नाही. बायको गेली, मुलगी लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला. घरी टीव्हीशी भांडतो, हे तो स्वतःच सांगतो.

आमच्याकडे एक रीत आहे. दिवसातला सगळ्यात मोठा मासा कापणाऱ्याने मानेमागचा तुकडा घरी न्यायचा. मुलीला दिवस गेल्यापासून फोड्या रविवारचा तुकडा तिला पोचवू लागला. शार्क असो नाहीतर ट्यूना, छाती पुढे काढून जायचा. त्या निमित्ताने घटकाभर माणसांत बसायला मिळायचं.

एका रविवारी मुलीने डबा हातात घेतलाच नाही.

"बाबा, डॉक्टरांनी मोठा मासा बंद केलाय. त्यात पारा असतो. बाळाच्या मेंदूला अपाय होतो."

फोड्याला ते झोंबलं. "कल्ले बघून आणलाय. आजचाच आहे."

"ताजा-शिळ्याचा प्रश्न नाही हो. मोठा मासा जन्मभर लहान मासे खातो, त्यांच्यातला पारा याच्या अंगात साठतो. धुऊन, शिजवून जात नाही."

"आणि आधी खाल्लास तो?"

"तपासलंय. घाबरू नका म्हणाले. पण यापुढे नको."

तो चहासुद्धा न घेता निघाला. आपण लेकीला काय भरवत होतो, हाच विचार त्याच्या डोक्यात होता. पुढच्या रविवारी घरीच बसला. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणे. नुसतं भेटायला आलोय, असं सांगायची लाज वाटते या बाबाला. मला तर रागच आला. माणसाने किती आडमुठं असावं!

त्यानंतरच्या रविवारी मात्र तो माझ्या टोपलीपुढे उभा राहिला. या बोटभर माशांना त्याने जन्मभर नाक मुरडलं होतं.

"वाट चुकलात का?" मी चिडवलं. तो हसलाही नाही. एकेक तारली निवडून घेतली.

पुढचं मला मुलीने सांगितलं. दारातच त्याने पिशवी पुढे केली.

"हे चालतं?"

"चालतं की. आठवड्यातून दोनदा खा म्हणालेत."

"म्हणजे मी दोनदा येऊ?"

इतक्या घाईने विचारलं त्याने, की तिने पिशवीबरोबर त्याचा हातही धरला आणि त्याला आत नेलं.