गुहेची झाडलोट

माझी आत्या वटवाघळांच्या गुहेत झाडू मारते. खाली साचलेली त्यांची घाण गोणीत भरायची आणि खतवाल्याला द्यायची, हे तिचं काम. खोकून खोकून तिची छाती आता भात्यासारखी वरखाली होते. काल हे काम तिला सोडायला लावायचंच, असं ठरवून मी तावातावानं तिथं गेले.

ती गुहेच्या तोंडाशी नाकाला फडकं बांधून बसली होती. दिवस मावळला तशी आत फडफड सुरू झाली आणि वटवाघळं धुराच्या लोटासारखी बाहेर पडायला लागली, ती संपता संपेनात. सगळी गेल्याशिवाय ती आत पाऊल टाकत नाही. घरीसुद्धा माणसं कामाला गेली की मगच ती केर काढायची.

शेवटी ती कंबर धरून उठली.

"पुरे आता, आत्या," मी म्हणाले. "एवढीच हौस असेल तर स्वतःचं घर झाड."

ती हसली आणि हसता हसता खोकली.

"पोरं गेली ती फिरकलीच नाहीत. घर कसं लख्ख असतं गं! इथं निदान घाण करायला तरी कुणी परत येतं."