सुभेदार आणि माईंची खानावळ

रेडिओतल्या माणसाला हात दाखवून थांबवणारा माणूस मी पहिल्यांदा उंब्रजला पाहिला. "थांब! आदी दार लाव, मग बोल," असं सुभेदार त्या ट्रान्झिस्टरला दरडावून सांगायचे. आतला माणूस अर्थातच बोलत राहायचा. मग माझ्याकडे वळून म्हणायचे, "बगा बाई. सिवलचा माणूस हाय, पलटणीतला न्हवं. ऐकायचा न्हाई. आता शेजारची म्हातारी समदं ऐकणार आन् उद्या गावभर करणार."

मी मूळची सांगलीची. उंब्रजच्या हायस्कुलात शिक्षिका म्हणून लागले आणि सुभेदारांच्या घरातली पुढची खोली मला भाड्याने मिळाली. ते पलटणीतून निवृत्त होऊन आले होते. उसाची थोडी जमीन, दोन म्हशी, आणि घरात ते व त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, अशी दोघंच. अंगाने उंच, एका पायाने किंचित लंगडत, मिशा रोज पाणी लावून बसवलेल्या. बोलणं तोडून टाकल्यासारखं. मी बाहेरून आले की "रिपोट?" एवढंच विचारायचे. म्हणजे शाळेत काय झालं ते सांगा. सांगितलं की "ठीक" म्हणून पुन्हा कामाला.

गावाची अशी समजूत होती की सुभेदार रेडिओवर फक्त बातम्या ऐकतात. माझीही होती. पण एका शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघं शेंगा फोडत बसलो होतो. रेडिओ आपला चालू होता. बातम्या संपल्या, सनईचा एक तुकडा वाजला, त्यामागे भांडी आपटल्याचा आवाज आणि एका बाईचा खणखणीत स्वर, "ताटं वाढली हो!" सुभेदारांचा हात शेंगेवरच थांबला.

"ही आमच्या वळखीची बाई हाय," ते म्हणाले.

काकींनी मान वर केली. "कोण बाई?"

"माई. खानावळवाली. आवं, दवाखान्यात भेटली हुती."

मग सगळं बाहेर आलं. पुष्कळ वर्षांपूर्वी पाय मोडून ते पुण्याच्या लष्करी दवाखान्यात पडून होते. वॉर्डात एक रेडिओ होता आणि त्यावर दर आठवड्याला 'माईंची खानावळ' लागायची. पेठेतली एक विधवा बाई, तिच्याकडे जेवायला येणारी सात-आठ माणसं, आणि खानावळ बंद कर म्हणून मागे लागलेला तिचा थोरला भाऊ. प्लास्टरात जखडलेले जवान त्या खानावळीवर जीव टाकायचे. गोष्ट ऐन भरात आली आणि सुभेदारांचं प्लास्टर निघालं. थेट आसामला रवानगी. पुढे काय झालं ते कळलं नाही. रजेवरून परत येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला त्यांनी विचारलं होतं. कुणालाच माहीत नव्हतं. आता तीच जुनी मालिका रेडिओवर पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली होती.

त्या दिवसापासून शनिवार बदलला. धारा लवकर काढल्या जायच्या. काकींना चूल आधी उरकावी लागायची. दार आतून लावलेलं, दिवा बारीक. कुणी हाक मारली तर काकींनी सांगायचं, "बातम्या चालल्यात." सुभेदारांचा सगळ्यात लाडका माणूस म्हणजे नेने नावाचा कारकून. तो कोपऱ्यात बसून जेवायचा आणि भागात जेमतेम दोन वाक्यं बोलायचा. "ह्याच्या पोटात कायतरी हाय," सुभेदार म्हणायचे. "कमी बोलणाऱ्या माणसाकडं नीट बघावं, बाई. लय साठवलेलं असतं त्यानं."

त्यांनी स्वतः काय साठवलं होतं ते मला काकींकडून कळलं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी शालन सांगलीला नर्सिंग शिकायला गेली आणि तिथल्याच एका शिंप्याच्या मुलाशी लग्न करून बसली. दत्ता त्याचं नाव. जात वेगळी. सुभेदारांनी तिला काही बोल लावला नाही, शिवी दिली नाही. त्यांनी तिचं नाव घेणं बंद केलं, एवढंच. चार वर्षं झाली होती. मी महिन्यातून एकदा घरी जाताना काकी माझ्याजवळ शालनसाठी काहीबाही द्यायच्या. शेंगा, काकवी, बाळंतपणानंतर डिंकाचे लाडू. सुभेदारांना हे ठाऊक नसेल असं मला वाटायचं. पण एकदा एसटीवर सोडायला आले, तेव्हा पिशवीची गाठ सोडून त्यांनी ती पुन्हा घट्ट बांधली आणि म्हणाले, "काकवी हाय. उभी धरा." कुणाकडे चालली ते विचारलं नाही.

पावसाळा सरता सरता ट्रान्झिस्टर बंद पडला. सेल फुटून आतलं सगळं गंजलं होतं. कराडच्या दुरुस्तीवाल्याने दोन-तीन आठवडे लागतील म्हणून सांगितलं. आणि नेमकं त्याच वेळी खानावळीत माईंच्या भावाने दाराला कुलूप आणलं होतं, नेने उठून उभा राहिला होता, आणि भाग संपला होता.

पुढचा शनिवार चुकला. सुभेदारांनी ते फार मनाला लावून घेतलं. चावडीजवळच्या हॉटेलात रेडिओ होता, पण चारचौघांत "खानावळ लावा" म्हणायची त्यांची तयारी नव्हती. रविवारी ते म्हशीवर ओरडले. सोमवारी काकींवर. मंगळवारी मला म्हणाले, "नेने काय बोलला असंल, बाई?"

मी म्हटलं, "सुभेदार, येत्या शनिवारी मी घरी चाललेय. तुम्हीही चला. आमच्याकडे रेडिओ आहे. ऐका, रात्री राहा, सकाळच्या गाडीने परत या."

ते एकदम हो म्हणाले. काकी चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, पण त्यांची भाकरी करपली.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही निघालो. सुभेदारांनी इस्त्रीचा कोट घातला होता. कराड, इस्लामपूर मागे पडलं. सांगलीच्या स्टँडवर उतरलो, मी रिक्षा बघायला लागले, आणि मागून त्यांचा आवाज आला.

"शालनकडं रेडिओ हाय का?"

मी वळले. ते माझ्याकडे बघत नव्हते. बसच्या पाट्या वाचत होते.

"आहे," मी म्हटलं.

"आवाज साफ येतो?"

"चांगला येतो."

"मग तितंच जाऊ. तुमच्या घरच्यांना कशाला तरास."

शालनचं घर म्हणजे पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या. दत्ता मशीनवर बसला होता. सुभेदारांना पाहून तो उठला तो गळ्यातल्या टेपसकट. आतून शालन आली. तिच्या कडेवर मुलगी होती. पहिल्यांदा सुभेदारच बोलले, हुकूम वाचून दाखवावा तसे.

"आमचा रेडिओ बिघडलाय. आज खानावळ हाय."

"आबा, आत या," शालन म्हणाली.

त्यांना खुर्ची दिली. पाणी दिलं. रेडिओ फळीवरून काढून त्यांच्यासमोर ठेवला. गेल्या शनिवारी राहून गेलेला भाग आज, असं निवेदकाने सांगितलं आणि सनई वाजली. मुलगी बडबडायला लागली तशी शालन तिला घेऊन बाहेर निघाली. सुभेदार म्हणाले, "असू दे. तिला बी ऐकू दे."

नेने त्या दिवशी बोलला. चांगलं पाच मिनिटं बोलला. भाऊ कुलूप घेऊन परत गेला. सुभेदारांनी मांडीवर थाप मारली आणि सवयीने शेजारी बघितलं. शेजारी मी नव्हते, दत्ता होता. बिचारा गोंधळून म्हणाला, "हे नेने कोण?"

सुभेदार खुर्चीतून त्याच्याकडे वळले. चार वर्षांत त्या माणसाशी ते पहिल्यांदाच बोलणार होते.

"तुमाला नेने ठावं न्हाई?" ते म्हणाले. "मग तुमाला काय कळणार? बसा पाव्हणं. पयल्यापासनं सांगतो."

'पाव्हणं' म्हटल्याबरोबर शालन स्वयंपाकघरात गेली. मीही मागोमाग गेले. ती भिंतीला टेकून पदराने तोंड दाबून रडत होती आणि हसतही होती. बाहेर सुभेदार जावयाला खानावळीतला एकेक माणूस समजावून देत होते. दत्ता मध्येच विचारायचा, "मग माई काय म्हणाल्या?" आणि सुभेदार खूश होऊन सांगायचे, "आदी ऐका तर. ते तसं न्हाई." ताटं वाढून झाली तरी गोष्ट चालूच होती. जेवतानाही चालू होती. मी तिथून निघाले तेव्हा माईंच्या आवाजात ते कोथिंबिरीच्या जुडीवरून भांडत होते आणि नात त्यांच्या कोटाचं बटण ओढत होती.

रेडिओ दुरुस्त होऊन आला. पण सुभेदारांचं म्हणणं असं पडलं की त्याला आता पूर्वीसारखा आवाज नाही. एक शनिवार सांगलीला, एक शनिवार उंब्रजला असं सुरू झालं. शेवटचा भाग उन्हाळ्यात आला तेव्हा शालन, दत्ता आणि मुलगी उंब्रजला आली होती. दार उघडंच होतं. शेजारची म्हातारीही येऊन बसली होती. शेवट अगदी साधा निघाला. नेने गावी निघून गेला आणि माई दुसऱ्या दिवशीची डाळ निवडायला बसल्या. संपलं.

"एवढंच?" सुभेदार म्हणाले. "ह्याच्यासाठी आसामात झोप घालवली व्हय मी?"

दत्ता म्हणाला, "आबा, मला तर आवडला."

"तुमाला आवडणारच. तुमी उशिरा भरती झालासा."

सगळे हसले. काकी सगळ्यात जास्त.

जूनमध्ये माझी बदली कवठे महांकाळला झाली. निघायच्या आदल्या दिवशी सामान बांधून मी सुभेदारांना नमस्कार करायला गेले, तर ते घरात नव्हते. पेरणीचे दिवस, म्हणून मी शेताकडे निघाले. काकींनी थांबवलं.

"शेतावर न्हाईत. सकाळच्या गाडीनं सांगलीला गेल्यात."

"आज? आज तर मंगळवार. आणि रेडिओवरची गोष्टही संपली."

"म्या बी तेच म्हनलं," काकी म्हणाल्या. "तर माझ्यावरच वराडलं. म्हनलं, लेकीकडं जायाला काय कारण लागतंय व्हय?"