दुरुस्त केलेली वजाबाकी

माझ्या घरात हिरवा दिवा लागणारी एकही वस्तू नाही. स्टॅबिलायझरचा दिवासुद्धा मी चिकटपट्टीनं झाकलाय. बहीण म्हणते, तुझं डोकं फिरलंय. फिरलंयच. कधी फिरलं, तेही मला चांगलं ठाऊक आहे.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत मी कुपवाडला एका छोट्या कारखान्यात होते. आम्ही यंत्रांची कंट्रोल पॅनेल बनवायचो. प्रोग्रॅम लिहिणारे आम्ही दोघंच. मी, आणि लष्करात वायरलेस दुरुस्त करून निवृत्त झालेले, कडेगावकडचे एक काका. कॉम्प्युटर ते कुठल्या कॉलेजात शिकले नव्हते, पण त्यांच्याइतका स्वच्छ प्रोग्रॅम लिहिणारं माणूस मी पुढं फारसं पाहिलं नाही. त्यांची एक खोड होती. टिपणं मराठीतच करायची, आणि आमच्या कॉम्प्युटरवर मराठी उमटत नव्हतं. मग प्रोग्रॅम छापायचा आणि त्या लांबलचक घडीच्या कागदावर लाल पेन्सिलीनं लिहायचं, 'हितं हात लावू नका', 'हे असं का ते मला इचारा'. फाइलीत टिपणाचं एक अक्षर नाही.

विकतचं सॉफ्टवेअर परवडत नव्हतं, म्हणून आम्ही फुकट मिळणारे, कुणालाही उघडून बदलता येणारे कंपायलर, असेंबलर वापरायचो. पुण्याची एक मैत्रीण ते फ्लॉपीवर पाठवायची. सोबत ते बनवणाऱ्या परदेशी लोकांची आपसांतली पत्रंही. काय भांडायचे ते! त्यातलं एक भांडण असेंबलरवरून होतं. आपण लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या आकड्यांत बदलतो तो असेंबलर. त्यात वजाबाकीच्या काही आज्ञा उलट्या निघायच्या, पाचातून दोन सांगितले की दोनातून पाच. चूक जुनी, कुठून तरी वारशानं आलेली. काहीजण म्हणत, सुधारा. बाकीचे म्हणत, खबरदार, लोकांनी ती चूक धरूनच प्रोग्रॅम लिहिलेत.

ते भांडण आमच्या टेबलावरही आलं.

"चूक ती चूक, काका. सुधारायला नको?"

"आगं, समद्यांनी तिच्यावर घरं बांधल्यात. पायाचा दगड वाकडा हाय म्हणून आता काढतीस व्हय?"

"म्हणजे जन्मभर उलटंच लिहायचं?"

"लिवायचं. आन् ध्यानात ठेवायचं."

मला असला राग आला! "तुमच्या लष्करात चालत असेल हे," असं बोलून गेले. दोन दिवस आम्ही चहासुद्धा वेगवेगळा प्यायलो. त्या घुश्शात मी असेंबलर उघडला, उलटी वजाबाकी सरळ केली आणि आमच्या कॉम्प्युटरवर तोच बसवला. काकांना सांगितलं नाही. कशाला सांगू? मी बरोबर केलं होतं.

कोरेगावच्या एका टायर रिमोल्डिंगवाल्याकडे आमचं पॅनेल होतं. जुन्या टायरवर नवं रबर चढवतात आणि मोठ्या लोखंडी चेंबरमध्ये हवेच्या दाबाखाली शिजवतात. शिजायची वेळ संपली, हवा सोडायला लागली, की आमचा प्रोग्रॅम आतल्या दाबातून बाहेरचा दाब वजा करायचा. उत्तर अगदी कमी आलं की हिरवा दिवा लागायचा आणि दाराचं कुलूप सुटायचं. त्यांना शिजवायची वेळ थोडी वाढवून हवी होती. एक आकडा बदलायचा, एवढंच काम. काका रजेवर होते. मी आकडा बदलला, माझ्या नव्या असेंबलरमधून प्रोग्रॅम काढला, चिपवर चढवला आणि टेबलावरच्या पॅनेलला लावून पाहिला. टेबलावर दाब कुठला? उत्तर शून्य, दिवा लागला. मी खुशीत चिप पाठवून दिली.

पहिल्याच खेपेला हवा सोडल्या सोडल्या दिवा लागला. ऑपरेटरनं दार उघडलं. आत दाब तसाच होता. दारानं त्याचा उजवा हात कोपरापासून नेला.

बातमी आली त्या दुपारी काकांनी कपाटातून घडीचा कागद काढून माझ्यासमोर पसरला. वजाबाकीच्या ओळीवर लाल पेन्सिलीत होतं, 'ही मुद्दाम उलटी लिवलीया. असेंबलर सुलटी करतो. सुधारू नका.' मी असेंबलर सुधारला आणि ती ओळ उलटीच राहिली. आत दाब जितका जास्त, तितकं उत्तर शून्याच्या खाली, म्हणजे प्रोग्रॅमच्या लेखी धोका काहीच नाही.

आमचे मालक कोरेगावला जाऊन आले. ऑपरेटर दवाखान्यात स्वतःच म्हणत होता, मी दाबाचा काटा बघितला न्हाई, माझीच चूक. मालक म्हणाले, विषय संपला. मी काकांकडे बघितलं. वाटलं, खरं काय ते हेच बोलतील, मला सोडवतील.

"माझ्याकडं नगं बघू," काका म्हणाले. "चूक तुझी हाय, तवा तोंड बी तुझंच पायजे. जा, त्याला सांगून ये."

मी गेले नाही. उद्या जाऊ, परवा जाऊ करत राहिले. भित्री होते मी, दुसरं काही नाही. दर सोमवारी काका विचारायचे, "गेलतीस?" मी नुसती नकारार्थी मान हलवायची. वर्षभरानं त्यांनी विचारणं सोडलं, मग नोकरीही सोडली. मी मात्र तिथंच पॅनेल तपासत बसले. दिवा लागला की माझा हात आपोआप मागं यायचा. डोळे मिटले की ते दार दिसायचं, मी कधी न पाहिलेलं. सांगलीच्या स्टँडवर कुणाची रिकामी बाही दिसली की मी रस्ता बदलायची. दरवेळी माणूस दुसराच असायचा.

चार वर्षांनी त्या ऑपरेटरकडे गेले. रिमोल्डिंगवाल्यानं त्याला निष्काळजी ठरवून केव्हाच काढलं होतं. घरासमोर एसटीडी बूथ टाकून तो बसला होता, डाव्या हातानं फोन फिरवून देत. गिऱ्हाईक गेल्यावर मी एका दमात सगळं सांगितलं. मग त्यानं घरात हाक मारली. बायको पिठाच्या हातानं बाहेर आली.

"ताई, परत सांगा. हिच्यासमोर सांगा," तो म्हणाला. "रोज इचारती मला, तुमचं ध्यान कुठं हुतं त्या दिवशी. मी बी सवताला हेच इचारतोय."

मी परत सांगितलं, सावकाश. त्यांनी काटा बघितला नाही, पण दिवा आम्ही लावला होता. कुलूप आम्ही सोडलं होतं.

ती पदराला हात पुसत राहिली. नवऱ्याकडं तिनं बघितलं नाही.

"चार वर्सं मी ह्यांला नगं नगं ते बोलले," ती म्हणाली. "तवा तुमी कुठं हुतासा?"

"कुपवाडला," मी म्हणाले.