कोरडं लाकूड

साखरा गावच्या शेतातलं आमचं घर सागाच्या ओंडक्यांचं आहे. ही वडिलांची हौस. आता ते त्याच घरात खाटेला खिळलेत. बाहेरून भिंतींना रंग-तेल द्यायला तांड्यावरचा एक माणूस दर उन्हाळ्यात येतो. आधी ओंडके घासून धुतो, वाळू देतो, मग एकेकावर बोटाचं पेर ठोकून कान लावतो. भरीव वाजला की "व्हय" म्हणतो, पोकळ वाजला की नुसती मान हलवतो. दिवसभराचं त्याचं बोलणं तेवढंच.

गेल्या पावसाळ्यात झड लागली होती, तेव्हा सकाळीच तो भिजत दारात आला.

"माय गेली. सरणाला कोरडं लाकूड कुठंच न्हाई."

बदललेले जुने ओंडके शेडात पडून होते. घेऊन जा म्हणालो. पण तो तिथंच उकिडवा बसला आणि स्वतःच दिलेला रंग पटाशीनं खरडायला लागला.

"अहो, तिकडं लोक खोळंबले असतील," मी म्हणालो.

"रंगाचा धूर लई कडू. जाता जाता मायला तकलीफ काहून द्यायची?"

शेवटचा ओंडका उघडा पडेपर्यंत तो उठला नाही.

यंदाही आला. ठोकता ठोकता एका ओंडक्यापाशी थांबला, मान हलवली. "हा बदला."

"बदलू. जुना चुलीला होईल," मी म्हणालो.

त्यानं खिडकीतून आत, वडिलांच्या खाटेकडे पाहिलं. मला त्या नजरेचा रागच आला.

"चुलीत नका घालू, दादा," तो हळूच म्हणाला. "शेडात राहू द्या. मी खरडून ठेवतो."