बंगईला टांगलेलं इंजिन

पाचोऱ्याच्या आमच्या घरात आईची म्हणावी अशी एकच जागा होती, ती म्हणजे बंगई. बाकी सगळं घर ती झाडायची, सारवायची, आवरायची. टेकायची मात्र तिथेच. छताच्या तुळईला दोन दणकट कड्या, त्यांतून खाली आलेल्या साखळ्या आणि खाली सागाची रुंद फळी. दुपारची भांडी आटोपली की आई तिच्यावर बसायची, एका पायाने जमिनीला हलकेच रेटा द्यायची आणि डोळे मिटायची. त्या वेळात कुणी तिला काही मागितलेलं तिला खपत नसे.

ती बंगई पारोळ्याची, तिच्या माहेरची. आजी-आजोबा गेले, मामा पोटापाण्यासाठी सुरतेला गेला आणि पारोळ्याच्या घराला कुलूप लागलं. तेव्हा आईने बाकी कशावरही हक्क सांगितला नाही, फक्त बंगई मागून घेतली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. आईला जायला माहेर उरलं नव्हतं. मग त्या दिवशी गल्लीतल्या बायका आमच्या घरी जमायच्या आणि आई बंगईवरून खाली उतरायची नाही. आमरस, पुरणपोळ्या सगळं माझ्यावर. माझ्या पोळ्या फाटायच्या, पण त्या दिवशी आई मला एका शब्दाने बोलायची नाही.

माझे वडील, म्हणजे नाना, शेजारच्या खेड्यातल्या शाळेत गणित शिकवायचे. त्यांची एक जुनी, अवाढव्य फटफटी होती. त्या वर्षी तिच्या इंजिनातून खडखड आवाज येऊ लागला. आतला दांडा सैल झालाय, इंजिन बाहेर काढल्याशिवाय इलाज नाही, असं त्यांनी स्वतःच निदान केलं. गावात मिस्त्री होते, पण नानांचा कुणावरच विश्वास नव्हता. इंजिन म्हणजे तरी काय, एक गणितच, असं ते म्हणायचे. शाळेला उन्हाळ्याची सुटी लागली आणि त्यांनी मुहूर्त काढला. आखाजी तोंडावर आलेली.

फळी लावून फटफटी उंबरठ्यावरून घरात आणली, ती थेट बंगईशेजारी. मी तेव्हा कॉलेजात होते, सुटीला घरी आले होते, त्यामुळे आयती मदतनीस मिळाली. टाकी निघाली, सायलेन्सर निघाला, चेन, तारा, केबली निघाल्या. घरभर पेट्रोलचा वास. इंजिन दोघांना उचलेना. मग नानांची नजर वर गेली.

"दोन दिवस बंगई काढू," ते म्हणाले.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाहेर आणि माझ्याशी साधी मराठी बोलणारे नाना तिच्याशी मात्र अहिराणीतच बोलायचे. त्या बोलीत 'मनी' म्हणजे माझी.

"आखाजी चार दिनवर शे," ती म्हणाली. "मनी बंगई?"

"दोन दिननं काम शे. आखाजीना आधी लागी जाई."

फळी सोडवली. साखळ्या तिरप्या ओढून इंजिनाला आवळून बांधल्या. फटफटी मुद्दाम कड्यांपासून थोडी बाजूला उभी केली होती. शेवटचा बोल्ट निघाला की इंजिन आपोआप बाहेर येणार, असा नानांचा हिशेब. आणि अगदी तसंच झालं! बोल्ट सुटला, मी घाबरून हात काढला आणि ते काळं, तेलकट धूड चौकटीतून निसटून घरात झोके घेऊ लागलं. धाब्याच्या छताची माती आमच्या डोक्यावर भुरभुरली. नाना तर असे खूश, जणू पोराला पहिला नंबर मिळाला.

आई हसली. "मना आधी इंजिननी झोका लिधा!"

आम्ही तिघंही हसलो.

इंजिन ठेवायचं कुठे? जमीन शेणाने सारवलेली, तिथे माती लागेल. म्हणून नानांनी बंगईची फळी दोन खोक्यांवर आडवी टाकली आणि इंजिन तिच्यावर उतरवलं. तिथेच ते उघडलं. आतलं काळं तेल सागात मुरताना मी डोळ्यांनी पाहिलं. मी म्हटलं, "नाना, खाली पोतं तरी टाका." "पुसलं की निघतं," ते म्हणाले. निघालं नाही.

दांडा धुळ्याला लेथवर पाठवला. तो लवकर आला नाही. आखाजीच्या आदल्या दिवशी आईने फक्त साखळ्यांकडे पाहिलं. मीच भांडले. निदान साखळ्या तरी मोकळ्या आहेत, दुसरी एखादी फळी लावून द्या. नानांनी मला गणित समजावून सांगितलं. इंजिन परत चढवायला साखळ्या लागणारच, मग उगाच दोनदा बांधाबांध कशाला? या माणसाला मी काय बोलणार, कपाळ! उत्तर बरोबर होतं आणि त्यात आई कुठेच नव्हती.

आखाजीला बायका आल्या. चटईवर बसल्या. मध्ये लोंबणाऱ्या साखळ्या, कोपऱ्यात उघडं पडलेलं इंजिन. गाणी झाली, पण खाली मांडी घालून झोक्याची गाणी म्हणायची म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. आई दर थोड्या वेळाने उठून स्वयंपाकघरात जात होती. त्या वर्षीच्या पोळ्या तिनेच केल्या. एकही फाटली नाही.

दिवाळीच्या सुमाराला इंजिन परत चढलं. फटफटी पहिल्या किकला सुरू झाली, नाना गल्लीत दोन चकरा मारून आले. फळी मात्र काळी पडलेली. लुगड्याला डाग पडतील म्हणून ती माळ्यावर गेली. रंधा मारून टांगू, नाना म्हणाले. पुढच्या आखाजीला तेच म्हणाले. त्याच्या पुढच्याही. एकदा सुतार गावाला गेला होता, एकदा फटफटीचा क्लच गेला, एकदा माझं लग्न निघालं. आईने कधी आठवण करून दिली नाही. नानांना वाटायचं, ती विसरली. तिने एकदा जरी आदळआपट केली असती, तर नानांनी त्याच दिवशी फळी खाली काढली असती, हे मला पक्कं ठाऊक आहे. ते वाईट नव्हते हो. त्यांना ओरडून सांगितल्याशिवाय ऐकू येत नसे, आणि ओरडणं आईच्या स्वभावात नव्हतं.

नाना निवृत्त झाले. फटफटी विकली. धाबं उतरवून घरावर स्लॅब पडला. स्लॅब घालताना त्यांनी स्वतः उभं राहून दोन कड्या बसवून घेतल्या. मग ती फळी काढली आणि महिनाभर अंगणात बसून घासली. रॉकेल, सोडा, काचकागद. त्यांची बोटं सोलली. सागाचा रंग बराचसा परत आला. मधोमध इंजिनाच्या बुडाएवढा एक काळा डाग राहिला, त्यावर त्यांनी आईची जुनी गोधडी घडी करून घातली. आणि मला आखाजीला बोलावणं धाडलं.

मी गेले. आईला हाताला धरून नानांनी बंगईवर बसवलं. तिने सवयीने एक पाय टेकवला, हलकेच रेटा दिला. बंगई जेमतेम वीतभर पुढे गेली असेल. आईने साखळी घट्ट पकडली, चेहरा पांढराफटक पडला.

"थांबाडा," ती म्हणाली. "आते माले चक्कर येस."

गेली काही वर्षं तिला तसं होत होतं. एसटीत बसली तरी व्हायचं. आम्हाला दोघांनाही ते माहीत होतं. बंगईशी त्याचा संबंध जोडायचं मात्र एकालाही सुचलं नव्हतं.

नाना पुढे धावले. दोन्ही साखळ्या दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

"काढून टाकू का?" त्यांनी मला विचारलं, तिला नाही. "तेव्हाच टांगायला हवी होती गं. फळी बदलून का होईना."

उत्तर आईने दिलं. "ऱ्हाऊ द्या. धरी ठेवा. हालू नका देऊ."

बायका आल्या, गाणी सुरू झाली. मी पोळ्या लाटायला आत गेले. मधेच डोकावून पाहिलं. आई डोळे मिटून बंगईवर बसली होती, आणि नाना साखळ्या धरून तसेच उभे होते, बंगई हलू नये म्हणून.