डॅफोडिलची कोशिंबीर

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण काय, आता पोटात ठेववत नाही.

मी इंदापूर तालुक्यातला कांदा पिकवणारा माणूस. कांदा नुसता हातात घेतला की किती दिवस टिकेल ते सांगतो, असं मीच सगळ्यांना ऐकवत फिरतो. हसू नका — अजून पुढं आहे.

चार वर्षांपूर्वी माझ्या पुतणीनं इंग्लंडहून तिच्या आईला, म्हणजे आमच्या वहिनींना, डॅफोडिलचे सहा कंद पाठवले. तिकडं हे पिवळं फूल दिसलं की थंडी सरली म्हणतात. आपल्याकडं तेवढी थंडी कुठली? म्हणून लावायच्या आधी वहिनींनी ते फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात गार करायला ठेवले. मला काय ठाऊक?

त्या रविवारी सुप्याचे व्याही जेवायला होते. वहिनींच्या हातचा चिलापी माशाचा रस्सा म्हणजे — वासानंच शेजारी येऊन बसतात. पानं वाढली आणि कांदाच नाही. आमची कांद्याची चाळ लांब, फ्रिज जवळ. मी तीन उचलले, बुक्कीनं फोडले, चिरून मीठ-तिखट लावलं. डोळ्यांत पाणी आलं नाही. हाताला बुळबुळीत लागले. वाटलं, नवी जात असेल. जरा कडवट होते म्हणून वर लिंबू पिळलं.

तासाभरात दादा, व्याही आणि मी ओकून बेजार. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत उभं केलं. "मासाच शिळा हुता," दादा म्हणाला. वहिनी मागाहून तोच रस्सा जेवल्या होत्या आणि ठणठणीत होत्या, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुतणीचा फोन. कंद विषारी असतात, कांदा समजून कुणी खाऊ नका, म्हणाली. "कोण खातंय गं," वहिनी म्हणाल्या. मी तिथंच बसलो होतो. तोंड उघडलं का? नाही. दुपारी गुपचूप तीन छोटे कांदे त्या पिशवीत सारले.

हिवाळ्यात कुंड्यांत तीन पिवळी फुलं आली, आणि तीन कुंड्यांत कांद्याची पात. वहिनी काय खूश. येईल त्याला हाताला धरून न्यायच्या — "आपल्या मातीत त्याचाबी कांदाच झाला बगा." मी पोट धरून हसलो. अजून हसतो.

पण त्या रविवारपासून वहिनींनी माशाला हात लावला नाही. आपल्या हातून पाव्हण्यांना त्रास झाला, ही भीती बसली ती बसलीच. चार वर्षं — आणि ते मी होऊ दिलं. कांद्यातलं मला कळतं ही मिजास राहावी, एवढ्यासाठी.

उद्या व्याही पुन्हा येतायत. वहिनींनी अंड्याचं कालवण ठरवलंय. मी सकाळीच भिगवणहून चिलापी आणणार आणि सगळ्यांदेखत सांगणार. गाव वर्षभर हसेल, हसू दे. मासा करायचा की नाही, ते वहिनी ठरवतील.